स्वस्तातला डायल-अप मोडेम निवडताना: खोक्यावरचा आकडा सोडा, लाइन ऐका

मोडेम (कॉम्प्युटरचा डेटा सुरांत बदलून फोनच्या लाइनवरून नेणारं यंत्र) घ्यायला निघालं की सगळ्यात आधी डोळ्यांत भरतो तो खोक्यावरचा ५६के (सेकंदाला ५६ किलोबिट) हा आकडा. तो तूर्तास बाजूला ठेवा. आज मिळणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मोडेमवर तो छापलेला असतो, त्यामुळे त्यावरून डावंउजवं ठरत नाही. ठरतं ते दोन गोष्टींवरून: तुमची फोनची लाइन कशी आहे, आणि मोडेमचं काम मोडेम स्वतः करतो की तुमच्या कॉम्प्युटरच्या गळ्यात घालतो. मी जुनी मशीनं दुरुस्त करते. कुणाला जुन्या कॉम्प्युटरसाठी मोडेम हवा असतो, कुणाला फॅक्ससाठी, तर कुणाच्या घरापर्यंत तांब्याच्या तारेशिवाय दुसरं काही पोचलेलंच नसतं. हात आखडता असेल तर माझा सल्ला सगळ्यांना एकच: नवं स्वस्त कार्ड घेण्यापेक्षा सिरियल पोर्टला (जुन्या कॉम्प्युटरच्या मागच्या पिनांच्या जोडणीला) लावायचा, बाहेर ठेवायचा, वापरलेला मोडेम घ्या.

पण आधी लाइन. रिसीव्हर उचला, एखादा आकडा दाबून डायल टोन घालवा आणि त्या शांततेत नीट कान देऊन ऐका. सतत घूंऽऽ असा आवाज येत असेल तर विजेची तार फोनच्या तारेला खेटून गेली आहे का ते पाहा. पाऊस पडून गेल्यावर खरखर वाढत असेल तर कुठल्या तरी जोडात पाणी शिरतंय. ती तक्रार फोन कंपनीकडे करायची, मोडेम बदलून ती जाणार नाही. त्याच लाइनवरची बाकीची उपकरणं एकेक करून काढा आणि दर वेळी पुन्हा ऐका. जुना आन्सरिंग मशीन किंवा अर्धवट तुटलेलं एक्स्टेन्शन पुष्कळदा सगळा घोळ घालत असतं. त्याच तारेवर डीएसएल (फोनच्या तारेवरचं ब्रॉडबँड) असेल तर मोडेमच्या आधी फिल्टर लावलाच पाहिजे. मोडेमपर्यंतची वायर जितकी आखूड तितकं बरं.

ही खटपट आधी का, ते सांगते. फोनची लाइन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज वाहून नेते. १९९४ साली आलेल्या व्ही.३४ या मानकाने त्या चिंचोळ्या पट्ट्यातून सेकंदाला २८.८ किलोबिट काढले आणि १९९६ मध्ये तोच आकडा ३३.६ वर गेला. १९९८ च्या व्ही.९० ने ५६ गाठले ते वेगळ्या वाटेने. एक्स्चेंज तुमचा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजतं आणि प्रत्येक मोजमाप ८ बिटांत लिहितं. सेवा देणाऱ्याची बाजू थेट डिजिटल जोडलेली असेल तर त्या ८ पैकी ७ बिट भरवशाने वापरता येतात, आणि ८,००० गुणिले ७ म्हणजे ५६ किलोबिट. म्हणजे हा वेग फक्त तुमच्याकडे येणाऱ्या दिशेला. तुमच्याकडून जाताना व्ही.९० मध्ये ३३.६ च्या पुढे जाता येत नाही. मध्ये ऑफिसचं खासगी एक्स्चेंज असेल, किंवा एकाच तारेवर दोन लाइनी चालवणारं यंत्र असेल, तर ५६ चं गणित कोसळतं आणि मोडेम मुकाट्याने व्ही.३४ वर येतो. दोन घरगुती कॉम्प्युटर एकमेकांना फोन लावणार असतील तर दोन्हीकडे कितीही भारी मोडेम लावा, ३३.६ ही हद्द. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

तुमचा फोन इंटरनेटवरून चालणारा असेल तर अपेक्षा आणखी कमी ठेवा. तिथे आवाजाचे तुकडे पाकिटांतून जातात, एखादं उशिरा आलं की माणसाच्या कानाला कळतही नाही, पण मोडेमचा सूर तुटतो. वेग मुद्दाम १४.४ वर किंवा त्याहून खाली आणला तर अशी जोडणी कधीकधी तग धरते.

तर आकड्यांचा हिशेब असा: वापरलेला व्ही.९० मोडेम मिळत असेल तर उत्तम. व्ही.९२ साठी जास्तीचे पैसे मोजू नका. २००० सालच्या त्या मानकात जोडणी लवकर होते आणि वरच्या दिशेचा वेग ४८ पर्यंत जातो हे खरं, पण त्यातलं काहीही समोरच्या बाजूने साथ दिल्याशिवाय मिळत नाही. १९९७ च्या आसपासचा ५६के मोडेम दिसला तर मात्र विचारून घ्या. तेव्हा एक्स२ आणि के५६फ्लेक्स अशा एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन पद्धती होत्या. नंतर व्ही.९० चं फर्मवेअर (मोडेमच्या आतलं सॉफ्टवेअर) घातलेलं नसेल तर तो आज ३३.६ चाच मोडेम, आणि किंमतही तेवढीच द्यायची. फरक किती पडतो? १ एमबीची फाइल ३३.६ ला चार मिनिटांच्या थोडी वर घेते, ४६ च्या आसपास लागला तर तीन मिनिटं. माझ्या मते एवढ्यासाठी मोडेमची जात बदलण्यात अर्थ नाही. लाइन दर दहा मिनिटांनी तुटत असेल तर त्या वाचलेल्या मिनिटाचं करायचं काय?

आता जात कुठली, ते. मोडेमला दोन कामं असतात: आज्ञा समजून घेणं, चुका पकडणं, डेटा दाबून लहान करणं हे एक, आणि प्रत्यक्ष सूर बनवणं व ओळखणं हे दुसरं. चांगल्या मोडेममध्ये या दोन्हींसाठी स्वतःच्या चिप असतात. कॉम्प्युटरच्या आत खोचायच्या स्वस्त पीसीआय कार्डांमधून पहिलं काम करणारा कंट्रोलर काढून टाकलेला असतो, काहींमधून सूर ओळखणारा प्रोसेसरही, आणि ते सगळं ड्रायव्हरच्या वाटे तुमच्या सीपीयूवर ढकललेलं असतं. त्याला सॉफ्टमोडेम किंवा विनमोडेम म्हणतात. ओळखायला सोपं आहे: जवळजवळ रिकामं कार्ड, एखादी-दुसरी चिप, एक छोटा ट्रान्सफॉर्मर किंवा तोही नाही, आणि खोक्यावर विंडोज व पेंटियम लागेल अशी अट. डॉसमध्ये ते चालत नाही. लिनक्समध्ये नेमक्या त्या चिपचा ड्रायव्हर तुमच्या कर्नलशी (लिनक्सच्या गाभ्याशी) जुळला तरच चालतं, आणि जुने ड्रायव्हर नव्या कर्नलशी क्वचितच जुळतात.

एका गृहस्थांनी असंच एक जवळजवळ रिकामं कार्ड माझ्याकडे आणलं होतं. मेल उतरवताना प्रिंट दिली की लाइन तुटायची. लाइन स्वच्छ होती, कार्डही बिघडलेलं नव्हतं. प्रिंटच्या वेळी प्रोसेसर अडकायचा आणि ड्रायव्हरला सूर सांभाळायला सवड मिळायची नाही. त्याच लाइनवर बाहेरचा जुना ३३.६ लावला आणि त्यांचा प्रश्न मिटला. मशीन पुरेसं वेगवान आहे, विंडोज एक्सपी आहे आणि ड्रायव्हरची सीडी हातात आहे, असं तिन्ही जमत असेल तर सॉफ्टमोडेमही चालेल. सीडी हरवलेलं कार्ड मात्र फुकटसुद्धा घेऊ नका.

फार जुन्या मशीनमध्ये आयएसए स्लॉट (पीसीआयच्या आधीची खाच) असेल तर जंपर (पोर्ट निवडायची छोटी टोपणं) असलेलं आयएसए कार्ड हा चांगला सौदा आहे, कारण जंपरवाल्या कार्डांवर कंट्रोलर बहुतेक असतोच. फक्त पोर्ट नीट वाटून द्या. कॉम १ आणि कॉम ३ हे सिरियल पोर्ट एकच आयआरक्यू ४ (सीपीयूला हाक मारण्याची ओळ) वापरतात, कॉम २ आणि कॉम ४ आयआरक्यू ३. माउस कॉम १ वर असताना मोडेम कॉम ३ वर बसवला की माउस हलवताच जोडणी गचके खाते. मोडेम कॉम २ वर ठेवा आणि मदरबोर्डवरचा दुसरा पोर्ट बायोसमधून बंद करा.

बाहेरच्या डब्यावर माझा जीव आहे, आणि त्याचं मोठं कारण म्हणजे त्याचे दिवे. टीआर (टर्मिनल रेडी) पेटला नाही तर प्रोग्रामने पोर्ट उघडलेला नाही किंवा केबल वाईट आहे. ओएच (ऑफ हुक) पेटला म्हणजे मोडेमने लाइन उचलली. ओएच आहे, किरकिर ऐकू येतेय, पण सीडी (कॅरिअर डिटेक्ट) हा दिवा पेटत नाही, म्हणजे समोरच्याशी सूर जुळत नाही; शंका लाइनवर घ्या. सीडी पेटलेला आणि डेटा येता-जाता लुकलुकणारे आरडी, एसडी मात्र मेलेले, तर जोडणी झाली आहे आणि गोची सॉफ्टवेअरमध्ये आहे. कार्ड हे काहीच सांगत नाही. शिवाय डबा आज एका मशीनला, उद्या दुसऱ्याला लावता येतो, आणि त्याला ड्रायव्हर असा जवळपास लागतच नाही.

वापरलेला डबा घेताना सगळ्यात जास्त लक्ष अडॅप्टरकडे द्या. पुष्कळ जुन्या मोडेमना एसी आउटपुटचा अडॅप्टर लागतो, म्हणजे भिंतीवरचा ठोकळा व्होल्टेज नुसतं कमी करतो, डीसी करत नाही. दिसायला पिन तीच, भोक तेच. एसीवाल्या डब्याला डीसी लावला तर तो बहुधा सुरूच होत नाही आणि लोक तो मेला समजून टाकून देतात. डीसीवाल्याला एसी लावला तर तो खरोखर मरू शकतो. डब्याच्या तळाशी किंवा पिनेशेजारी काय छापलंय ते वाचा आणि अडॅप्टरवरच्या लिखाणाशी जुळवा: व्होल्ट, एसी की डीसी, डीसी असेल तर मधली पिन अधिक की उणे, आणि मिलीअँपिअर तेवढे किंवा जास्त. मूळ अडॅप्टरसकट मिळणारा मोडेम थोडा महाग पडला तरी मी तोच घ्यायला सांगते.

केबल सरळ मोडेम केबल हवी, सगळ्या तारा असलेली. नल-मोडेम केबल (दोन कॉम्प्युटर थेट जोडायची) चालणार नाही. कॉम्प्युटरच्या पोर्टमध्ये १६५५०ए चिप आहे का तेही पाहा. डॉसमध्ये एमएसडी (मायक्रोसॉफ्टचा तपासणीचा प्रोग्राम) चालवलं की ते दिसतं. तिच्यात १६ बाइटचा बफर असतो. आधीच्या ८२५० किंवा १६४५० मध्ये एकाच बाइटची जागा, त्यामुळे वेगवान मोडेम लावला की अक्षरं गळतात. अशा मशीनला १४.४ चा मोडेम पुरे, आणि तो सहसा कोणीतरी देऊनच टाकतं.

सिरियल पोर्टच नसेल तर यूएसबी. तिथेही तीच दोन कुळं आहेत. स्वतःचा कंट्रोलर असलेला, सीडीसी-एसीएम या यूएसबी मोडेमच्या ठरलेल्या पद्धतीने बोलणारा यूएसबी मोडेम लिनक्समध्ये लावताच ओळखला जातो आणि त्याला वेगळा अडॅप्टरही लागत नाही. खोक्यावर विंडोजसोबत लिनक्स आणि मॅक दोन्ही लिहिलेले असतील तर ती चांगली खूण. फक्त विंडोज असेल तर सावध.

पैसे देण्याआधी चालवून बघा. विंडोजमध्ये एक्सपीपर्यंत हायपरटर्मिनल यायचं, लिनक्समध्ये मिनिकॉम आहे. आज्ञा रोमन अक्षरांतच टाइप करायच्या: एटी दिलं की ओके यायला हवं. एटी&एफ ने तो कारखान्याच्या सेटिंगवर येतो. एटीआय आणि पुढे ०, १, २, ३ असे आकडे देत गेलात की फर्मवेअर आणि चिपची ओळख कळते. काही मोडेम इथे व्ही.९० चं नावही सांगतात. मग एटीडीटी आणि नंबर. परदेशातून आलेला मोडेम कधीकधी तुमच्या एक्स्चेंजचा डायल टोन ओळखत नाही आणि नो डायलटोन म्हणून थांबतो. एटीएक्स३ दिलं की तो टोनची वाट न बघता नंबर फिरवतो. जोडणीनंतर कनेक्ट ११५२०० असं दिसलं तर हुरळून जाऊ नका, तो कॉम्प्युटर आणि मोडेम यांच्यामधला वेग आहे. पोर्ट तसा लाइनपेक्षा वेगवान ठेवायचाच असतो, कारण दाबलेला डेटा मोडेममध्ये उलगडतो. त्यासाठी हार्डवेअर फ्लो कंट्रोल (मोडेम आणि कॉम्प्युटरने एकमेकांना थांबवण्याची सोय) चालू हवा. लाइनचा खरा वेग बऱ्याच मोडेमवर डब्ल्यू२ ही सेटिंग दिल्यावर दिसतो.

तुटणारी लाइन असेल तर वेगाला स्वतःच लगाम घाला. ३३.६ वर लागून सारखा अडखळणारा मोडेम २६.४ वर बांधून ठेवला की रात्रभर टिकतो, आणि फाइल एकूण लवकर उतरते. ही आज्ञा चिपप्रमाणे बदलते: यूएस रोबोटिक्सच्या मोडेममध्ये &एन, रॉकवेल आणि कोनेक्झंटच्या चिपवर +एमएस. तुमच्या मॉडेलचं माहितीपुस्तक शोधून नेमके आकडे घ्या.

वीज कडकडायला लागली की दोन्ही वायर काढा, भिंतीवरची आणि फोनची. मोडेम मारणारा झटका बहुतेक वेळा फोनच्या तारेतून येतो, त्यामुळे नुसता प्लग काढून भागत नाही. आणि जमलेली सेटिंग एटी&डब्ल्यू देऊन मोडेममध्येच साठवा, म्हणजे पुढच्या वेळी एटीझेड दिलं की तो तिथूनच सुरू होईल. तीच ओळ कागदावर लिहून डब्याच्या तळाला चिकटवा, शेजारी अडॅप्टरचे व्होल्टही लिहा.