ठासणीच्या रायफलीचा पहिला बार भरण्यापूर्वी

कोकणात शेतराखणीसाठी वापरली जाणारी ठासणीची बंदूक बहुधा गुळगुळीत नळीची असते आणि तिच्यात छर्रे भरतात. अमेरिकेत छंद म्हणून चालवल्या जाणाऱ्या ठासणीच्या रायफलींच्या नळीला आतून पिळाचे आटे असतात आणि त्यांत चिंधीत बसवलेली एकच गोल शिशाची गोळी ठासली जाते. पुढील तयारी या दुसऱ्या प्रकारासाठी आहे, उदाहरणादाखल ०.५० इंच नळीची, टोपीवर (घोड्याचा ठोका बसताच ठिणगी देणाऱ्या धातूच्या चिमुकल्या टोपीवर) उडणारी रायफल घेतली आहे, कारण नवख्याच्या हाती बहुधा तीच येते.

रायफल हाती आली की नळी रिकामी आहे की नाही हे आधी पाहावे, कारण जुन्या रायफली भरलेल्या अवस्थेतही विकल्या जातात. गोळी ठासण्याचा गज तळापर्यंत घालून तोंडाशी खूण करावी आणि तोच गज नळीच्या बाहेरून धरून पाहावा. टोक निपलपर्यंत, म्हणजे टोपी बसवायच्या पोकळ बोंडापर्यंत, पोहोचत नसेल, तर आत काहीतरी आहे. नळी रिकामी ठरल्यावर ती खूण पक्की करून ठेवावी. त्यानंतर पीळ पाहावा. ४८ इंचांत एक फेरा असेल तर गोल गोळी चालते, ६६ इंचांत एक फेरा असेल तर ती अधिक दारूवरही स्थिर राहते. पण २८ इंचांत एक फेरा असलेली नळी लांबट गोळीसाठी असते आणि तिच्यात चिंधीची गोळी जिद्दीने जमवत बसण्यात फारसा अर्थ नाही.

दारू फक्त काळीच, किंवा रायफलीच्या माहितीपुस्तिकेत नाव दिलेला तिचा पर्याय; धूररहित दारू चिमूटभरही नाही, कारण तिच्या दाबाने नळी फुटते. ०.५० साठी दोन एफ (डब्यावर ‘एफएफ’ अशी खूण असलेल्या) दाण्याची दारू घ्यावी आणि नळीच्या शंभरांशी मापाइतके ग्रेन, म्हणजे ५० ग्रेन, ही सुरुवात धरावी. पुस्तिकेत याहून कमी आकडा असेल तर तो प्रमाण मानावा, आणि तिच्यातली कमाल मर्यादा कधीही ओलांडू नये. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. मात्र काळी दारू वजनावर नव्हे, तर मापी नळकांड्यात आकारमानाने मोजतात. डब्यातून किंवा शिंगातून दारू थेट नळीत ओतू नये. आत एखादी ठिणगी धुमसत असली तर सगळा साठाच हातात पेट घेईल.

आता गोळी आणि चिंधी, ज्यांवर मी दारूपेक्षा जास्त वेळ घालवतो. ०.५० च्या नळीसाठी ०.४९० इंच व्यासाची, मऊ शुद्ध शिशाची, सुमारे १८० ग्रेन वजनाची गोळी घ्यावी. गोळी आणि नळी यांच्यात प्रत्येक बाजूला जेमतेम ०.००५ इंच जागा उरते, आणि तिथे ०.०१५ इंच जाडीची चिंधी दाबून बसते; आट्यांच्या खोलगटीत तीच फुगून वायू अडवते आणि आट्यांचा पीळ गोळीला देते. कापड गादीच्या खोळीचे, घट्ट विणीचे, शंभर टक्के सुती असावे आणि खळ जाईपर्यंत धुतलेले असावे. कृत्रिम धागा नळीत वितळतो. जाडी सूक्ष्ममापीने मोजावी, कारण दुकानदाराच्या ‘जाड’ शब्दाला आकडा नसतो. चिंधीला लावायच्या वंगणाचा प्रश्न १८५७ च्या एन्फिल्ड काडतुसांची गोष्ट ऐकून वाढलेल्या मराठी माणसाला नवा नाही. मी मधमाशांचे मेण आणि ऑलिव्ह तेल वितळवून एकत्र करतो. यंत्राचे खनिज तेल मात्र टाळावे, त्याची काळ्या दारूशी डांबरासारखी चिकट काजळी होते.

मैदानावर चष्मा आणि कानांची बोंडे लावून, रिकाम्या नळीवर प्रथम दोन टोप्या उडवाव्यात. नळीचे तोंड गवताच्या पात्याजवळ धरले असता पाते हलले, तर वाट मोकळी आहे. मग मोजलेली दारू, चिंधी, आणि साच्यात शिसे ओतल्याचा सपाट ठिपका वर येईल अशी गोळी. छोट्या दट्ट्याने ती आत घालावी आणि गजाने दारूवर टेकेपर्यंत नेऊन गजावर दुसरी खूण करावी. गोळी आणि दारू यांच्यात पोकळी राहिली तर नळी फुगू शकते, म्हणून ही खूण प्रत्येक बाराला पाहायची. गप्पांच्या नादात एकदा मी दारूच घालायची विसरलो आणि गोळी निवांत तळाशी बसवली. ती स्क्रूच्या गजाने उपसून काढण्यात सकाळ गेली. टोपी सर्वात शेवटी लावावी, आणि बार उडाला नाही तर नळी लक्ष्याकडेच रोखून किमान एक मिनिट थांबावे.

२५ यार्डांवर पाच बार झाले की, सगळ्यांनी नेमबाजी थांबवल्यावर, काही पावलांवर पडलेल्या चिंध्या गोळा कराव्यात. चांगली चिंधी मध्यभागी काळवंडलेली, कडेला किंचित विसविशीत, पण अखंड असते आणि तिच्यावर आट्यांचे पट्टे स्पष्ट उमटलेले दिसतात. गोळीभोवतीच्या कड्यात जळकी भोके असतील तर चिंधी पातळ आहे. सरळ रेषेत चिरा असतील तर आट्यांच्या कडा किंवा नळीचे तोंड धारदार आहे. मधोमधच जळून गेली असेल तर वंगण कमी किंवा दारू जास्त. चिंधी जमल्याशिवाय दारू वाढवू नये. जमली की प्रत्येक वेळी ५ ग्रेन वाढवून पाच-पाच बार पाहावेत आणि छिद्रांचा गठ्ठा पसरू लागला की एक पायरी मागे यावे. दोन बारांमध्ये एक ओली आणि दोन कोरड्या चिंध्या फिरवल्या तर निकाल एकसारखे येतात.

त्याच संध्याकाळी गरम साबणपाण्याने नळी धुवावी, कोरडी करावी आणि तेल लावावे. दारूचे क्षार हवेतला ओलावा ओढतात. दुसऱ्या सकाळी पांढरी चिंधी पुन्हा एकदा आत फिरवावी, आणि ती तांबूस निघाली तर धुण्याचे काम पहिल्यापासून करावे.