पूर नसताना लिहायचं आवाहन

मदतकार्य करणाऱ्या एका संस्थेत देणग्यांचं काम मी अकरा वर्षं बघते आहे. हाताखाली नवीन कोणी आलं की पहिल्याच दिवशी सांगते, पुराचं आवाहन लिहायला बस. समोरचा गोंधळतो. पूर कुठे आलाय?

आलेला नाही, म्हणूनच. मोठी आपत्ती झाली की पैशांचा ओघ पहिल्या काही दिवसांतच येतो आणि बातम्या मागे पडल्या की आटतो. एकदा ऐन त्या दिवसांत आम्ही मजकुराला विश्वस्तांची मंजुरी मिळवत बसलो होतो. मंजुरी आली चौथ्या दिवशी. तोवर ज्यांना द्यायचं होतं त्यांनी दुसरीकडे देऊन टाकलं होतं. तेव्हापासून पूर, भूकंप, वादळ आणि आग यांचे चार मसुदे मंजूर होऊन पडलेले असतात. ठिकाण, तारीख आणि पहिल्या आठवड्यात आपण नेमकं काय करणार, एवढ्या तीनच जागा कोऱ्या.

मसुद्यातलं एक वाक्य मात्र कधीही गाळू नका: ‘इथली गरज भागल्यावर उरलेला निधी पुढच्या आपत्तीसाठी वापरला जाईल.’ आमच्या जुन्या आवाहनात ते नव्हतं. भूकंपाच्या नावाने आलेले पैसे उरले, दुसरीकडे दुष्काळ पडला होता, आणि त्या पैशाला हात लावायची सोय नाही! शेवटी यादी घेऊन एकेका देणगीदाराला फोन केले. डिसेंबर २००४च्या त्सुनामीनंतर डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेने जेमतेम आठवडाभरात सांगून टाकलं होतं की त्सुनामीच्या नावाने आता देऊ नका, पुरेसे जमलेत. जास्तीचे पैसे इतर संकटांसाठी वापरू का, असंही देणगीदारांना विचारलं आणि बहुतेकांनी होकार दिला. खरं सांगितलं तर लोक ऐकतात, हे मला त्या फोनांवरही दिसलं. पण फोन करण्यात आमचे तीन आठवडे गेले, ते एका वाक्याने वाचले असते.

आकड्यांचा मोह आवरा. २००७मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्मॉल, लोवेन्स्टीन आणि स्लोविक या संशोधकांच्या प्रयोगात एकट्या मुलीची माहिती वाचणाऱ्यांनी जास्त दिलं. तिच्यासोबत लाखो उपाशी लोकांची आकडेवारी जोडली तर देणगी घटली. म्हणून एकाच घराची गोष्ट सांगा. पण त्या घराला विचारून. मदतीच्या रांगेत उभ्या माणसाला ‘नाही’ म्हणणं जड जातं, त्यामुळे फोटोची परवानगी वाटप उरकल्यावर मागायची, हा आमचा नियम. रडणाऱ्या मुलांचे फोटो मी वापरत नाही. त्यांनी पैसे येत असतील, तरी नाही.

पैसे भरायचं पान स्वतःच्या मोबाइलवर, रेंज कमी असेल तिथे उभं राहून उघडून बघा. आमच्या पानावर सतरा रकाने होते, त्यात ‘आमच्याबद्दल कुठून कळलं’ हाही. २०१०च्या हैती भूकंपानंतर अमेरिकन रेडक्रॉसला एका एसएमएसने १० डॉलर देता येत होते. तसे ३ कोटींहून जास्त डॉलर जमले. ठरलेली रक्कम, एकच कृती. आता आमच्याकडे पाच रकाने आहेत. एक अजून जास्तच वाटतो, पण हिशेबनीस ऐकत नाहीत.

जुने कपडे नकोत, हेही आवाहनातच लिहा. निवडायला माणसं लागतात, ठेवायला जागा लागते, आणि ऐन घाईत दोन्ही नसतात.

खरी मेहनत पुढे आहे. एका नेहमीच्या देणगीदारांनी देणं थांबवलं, म्हणून मी फोन केला. म्हणाले, “पावती मिळाली हो, पण पुढे काय झालं ते कळलंच नाही.” त्यानंतर तीन पत्रं ठरवली: पावती त्याच दिवशी, दहाव्या दिवशी कामाच्या जागेवरून चार ओळी, आणि तिसऱ्या महिन्यात हिशेब. हिशेबात चुकलेलंही लिहायचं. ताडपत्र्या आठ दिवस उशिरा पोचल्या, हे आम्ही लिहिलं तेव्हा विश्वस्त धास्तावले होते. उलट त्या पत्राला सगळ्यात जास्त उत्तरं आली. दरमहा देणगीची विनंती याच तिसऱ्या पत्रात करा, पहिल्या दिवशी नको. थोडी का असेना, दरमहा येणारी रक्कमच दुष्काळाच्या वेळी उपयोगी पडते, कारण दुष्काळ हळूहळू येतो, एका दिवसाची बातमी होत नाही आणि त्याच्या आवाहनाला सहसा ओघ लागत नाही.

आणि वर्षातून दोनदा, काहीही घडलेलं नसताना, स्वतःच्याच संस्थेला छोटी देणगी द्या आणि घड्याळ लावून पावतीची वाट बघा. मागच्या खेपेला आमची पावती सहा मिनिटांत आली. खाली सही होती दोन वर्षांपूर्वी पद सोडलेल्या खजिनदारांची.