डिस्टॉर्शन, वेव्हशेपर, कॉम्प्रेसर: या चुका टाळा

इंदुरात रामबागेत माझी मिक्सिंगची छोटी खोली आहे आणि गणपतीच्या आधीचे दोन महिने तिथे रोज कुणी ना कुणी पेन ड्राइव्ह घेऊन दारात उभं असतं. आरत्या, ढोल-ताशाचे ट्रॅक, अनंत चतुर्दशीच्या झांकीची (चित्ररथांच्या मिरवणुकीची) गाणी, मधूनच एखादं नाट्यपद. गाणी वेगळी, मुलं वेगळी, चुका मात्र अगदी त्याच, त्यातल्या निम्म्या तर फाइल उघडायच्या आधी सांगता येतात. म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणं), वेव्हशेपर (आपण काढलेल्या कर्व्हप्रमाणे लाट वाकवणारा) आणि कॉम्प्रेसर (मोठा आवाज दाबणारा) या तिन्ही गोष्टी ध्वनीची लाट वाकवायचंच काम करतात. डिस्टॉर्शन आणि वेव्हशेपर ती जागच्या जागी वाकवतात, आत आलेल्या प्रत्येक सॅम्पलला (लाटेच्या एकेका मोजलेल्या आकड्याला) लगेच नवी किंमत देतात, आणि कॉम्प्रेसर तेच काम थोडा वेळ घेऊन करतो. म्हणून आत किती लेव्हल जातेय यावर सगळं ठरतं. यूट्यूबवर कुणीतरी ड्राइव्ह (किती वाकवायचं तो नॉब) ६ वर ठेवला म्हणून तुम्हीही ६ वर ठेवलात तर काही उपयोग नाही, त्याचा आवाज आत उणे ६ डेसिबलवर येत असेल आणि तुमचा उणे २०. नॉब तोच पण निकाल वेगळाच येणार.

मोठं झालं म्हणून चांगलं वाटलं

मला सगळ्यात जास्त त्रास देणारी चूक हीच. सॅच्युरेशन, म्हणजे हलकं डिस्टॉर्शन, लावलं, आवाज भरला, वा वा म्हणून पुढे गेले. अरे पण आवाज ४ डेसिबलने वाढलाय तो बघितला का? कानाची रचनाच अशी आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं होतं की हळू आवाजात खालचे सूर आणि अगदी वरचे सूर आपल्याला कमी ऐकू येतात आणि आवाज वाढला की ते भरून येतात. म्हणजे प्लगइनने (सॉफ्टवेअरमधल्या इफेक्टने) आवाज वाढवण्यापलीकडे काहीच केलं नाही तरी बेस दाट वाटणार, वर चमक वाटणार, आणि तुम्ही त्याचं श्रेय प्लगइनला देणार.

यात मी स्वतः सापडलोय. काही वर्षांपूर्वी एका काकूंचं नाट्यपद माझ्याकडे होतं, काकू सत्तरीच्या, आयुष्यभर गाणं शिकवलेल्या. तबला वेगळा ठेवला आणि आवाज, हार्मोनियम, तानपुरा असे तिन्ही एका बसवर (एकत्र चॅनेलवर) घेऊन त्यावर टेपचं सॅच्युरेशन टाकलं. रात्री एक वाजला होता, बायपास केलं (तात्पुरतं बंद केलं) की पातळ आणि चालू केलं की भरलेलं, मग काय, ठेवलं चालू आणि झोपलो. सकाळी काकूंना ऐकवलं तर अर्ध्या मिनिटात त्यांनी हात वर केला. "थांब रे. तानपुऱ्याचा पंचम हलतोय. मी लावला तेव्हा असा नव्हता." मी तानपुरा एकटा ऐकवला, तो स्वच्छ होता. "हा बरोबर आहे, मघाचा नव्हता," असं म्हणून त्या शांत बसून राहिल्या.

दोन तास शोधत होतो. हार्मोनियम बंद केली की हलणं थांबायचं, हार्मोनियम ठेवून सॅच्युरेशन बंद केलं तरी थांबायचं, म्हणजे दोष दोन्ही एकत्र आले की होता. शेवटी वही घेऊन आकडे मांडले. हिशेबाला सोपं पडावं म्हणून सा २४० हर्ट्झ धरा, तानपुऱ्याचा मंद्र पंचम मग १८० हर्ट्झ. गायकाचा शुद्ध गंधार ३०० वर लागतो पण हार्मोनियमचा गंधार साधारण १४ सेंट (१०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर) चढा असतो, म्हणजे ३०२.४. आता दोन सूर एकाच डिस्टॉर्शनमधून गेले की ते फक्त आपापले हार्मोनिक (मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर) बनवत नाहीत, एकमेकांत मिसळून तिसरेच सूर तयार करतात, त्यातला एक म्हणजे सा ची दुप्पट वजा गंधार. ४८० वजा ३०२.४, उत्तर १७७.६. तानपुऱ्याचा पंचम १८० वर आणि त्याला खेटून हा १७७.६ चा पंचम, सेकंदाला दोन-अडीच हेलकावे. काकूंनी बरोबर तेच पकडलं होतं आणि मला ते रात्री ऐकू आलं नाही कारण ४ डेसिबलच्या भरीवपणाने माझा कान आधीच खूश झाला होता.

तेव्हापासून माझी सवय अशी आहे की प्लगइन लावलं की पहिला हात आउटपुटच्या नॉबवर. चालू आणि बंद दोन्ही वेळेला लफ्सचा (LUFS, आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचं माप) आकडा सारखा आला पाहिजे, मग डोळे मिटून बायपासचं बटण भराभर इतक्या वेळा दाबतो की आता चालू आहे की बंद हेच विसरायला होतं, आणि मग ऐकतो. फरक कळला नाही तर प्लगइन काढून टाकतो. ऑटो गेनवर (लेव्हल आपोआप सारखी करायच्या सोयीवर) विसंबू नका, बरीच प्लगइनं तो अंदाजाने लावतात. आणि सूर धरणारी वाद्यं एकत्र सॅच्युरेट करू नका, प्रत्येक ट्रॅकला वेगळं लावा. तानपुऱ्याला तर लावूच नका, जवारीने (तारेच्या त्या झणझणीत गुंजनाने) त्यात आधीच एवढे हार्मोनिक भरलेले असतात की तुम्ही आणखी काय देणार.

कॉम्प्रेसरच्या रिलीजमुळे होणारी गुरगुर

गेल्या वर्षी एक मुलगा आला, चेहरा उतरलेला. "दादा, बेस फाटतोय, तीन दिवस झाले." त्याने केबल बदलली होती, मित्राचा इंटरफेस आणून बघितला, स्पीकर खराब झाला म्हणून दुकानात जाऊन आला होता, आणि झांकीच्या ट्रॉलीवर मोठ्या टॉपवर (स्पीकरवर) लावलं तर गुरगुर आणखीच. मीटर कुठेच लाल होत नाही. ढोलाच्या खाली त्याने ५० हर्ट्झचा सब-बेस धरला होता, मी तेवढा ट्रॅक सोलो केला आणि कॉम्प्रेसर उघडला. अटॅक (दाबायला लागणारा वेळ) ०.१ मिलिसेकंद, रिलीज (सोडायला लागणारा वेळ) ५ मिलिसेकंद. विचारलं असं का, तर म्हणाला प्रीसेटचं (तयार सेटिंगचं) नाव 'पंची' होतं.

आता हे नीट बघा. ५० हर्ट्झची एक लाट पूर्ण व्हायला २० मिलिसेकंद लागतात आणि त्यात शिखर दोनदा येतं, एकदा वर एकदा खाली, म्हणजे दर १० मिलिसेकंदाला. ५ मिलिसेकंदात सुटणारा कॉम्प्रेसर प्रत्येक शिखरावर दाबतो, मधे सोडतो, पुन्हा दाबतो. गाण्याची लेव्हल सांभाळायची सोडून तो एकेका लाटेचा आकार बदलायला लागतो, आणि लाटेचा आकार बदलला म्हणजेच डिस्टॉर्शन. ५० च्या जोडीला १५० आणि २५० हर्ट्झ उभे राहतात, तीच ती गुरगुर. मी त्याच्यासमोर बेस एक्सपोर्ट करून वेव्हफॉर्म मोठा करून दाखवला, गोल टेकडीच्या जागी एका बाजूला खांदा पडलेली लाट. रिलीज १५० वर नेला, अटॅक २० वर, गुरगुर गेली. तीन दिवस आणि केबलचे पैसे वाचले असते.

बेसला रिलीज १०० च्या खाली नेताना मी दहा वेळा विचार करतो. काही कॉम्प्रेसरना लुकअहेड (पुढचा आवाज आधी बघणं) किंवा आरएमएसवर (एक प्रकारच्या सरासरीवर) मोजायची सोय असते, तीही मदत करते, पण आधी आकडा बघा. प्रीसेट बनवणाऱ्याने तुमचा ढोल ऐकलेला नसतो.

तबल्याची गोष्ट याच घरची. अटॅक एकदम वेगवान ठेवला की चाटीवरचा (तबल्याच्या कडेवरचा) 'ना' मरतो, बोटाचा टणत्कार पहिल्या काही मिलिसेकंदातच असतो आणि तुम्ही नेमका तोच कापता, मग हाय वाढवून तो परत आणायची धडपड सुरू. मी २० ते ३० मिलिसेकंदांपासून सुरुवात करतो. रिलीज लयीवरून ठरवा, मिनिटाला २४० मात्रांचा द्रुत तीनताल असेल तर मात्रा २५० मिलिसेकंदांची, कॉम्प्रेसरच्या मीटरची सुई पुढच्या मात्रेआधी शून्यावर परत आली पाहिजे. आली नाही तर सबंध तबला दबलेलाच राहतो.

वर हार्मोनिक गेले कुठे?

डिजिटलमध्ये डिस्टॉर्शन करताना हे ज्यांना माहीत नाही ते "प्लगइन स्वस्त आहे म्हणून खरखरतं" असं म्हणत नवीन विकत घेतात. ४४.१ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटवर (सेकंदाला ४४,१०० सॅम्पल) काम करताना २२.०५ च्या वरचा सूर ठेवायला जागाच नसते. ९ किलोहर्ट्झचा सूर जोरात डिस्टॉर्ट केला तर त्याचा तिसरा हार्मोनिक २७ वर यायला हवा, तिथे जागा नाही म्हणून तो दुमडून १७.१ वर येतो. पाचवा ४५ चा, तो येतो थेट ९०० हर्ट्झवर, जिथे गाणाऱ्याचा आवाज बसलाय. या ९०० चा मूळ सुराशी काहीही सांगीतिक संबंध नाही, म्हणून तो घाण वाटतो. याला एलियासिंग म्हणतात. घरी करून बघा, टोन जनरेटरवर ९ किलोहर्ट्झ लावा, डिस्टॉर्शन वाढवा आणि खालून येणारी शिट्टी ऐका. मग प्लगइनमधलं ओव्हरसॅम्पलिंग (आतल्या आत जास्त सॅम्पल रेटवर काम करणं) ४ पट करा, शिट्टी जवळपास जाते. झांज आणि ताशा असलेल्या ट्रॅकवर हे न करता डिस्टॉर्शन लावूच नये असं माझं ठाम मत आहे. कॉम्प्युटर अडखळत असेल तर काम करताना बंद ठेवा आणि एक्सपोर्टच्या वेळी चालू करा, बऱ्याच प्लगइनांत तशी सोय असते.

ओव्हरसॅम्पलिंगने प्लगइनला थोडा उशीर होतो हेही लक्षात असू द्या. मूळ ट्रॅक आणि डिस्टॉर्ट केलेली कॉपी पॅरलल (एकाच वेळी सोबत वाजवून) मिसळताना सॉफ्टवेअरने हा उशीर भरून काढला नाही तर फक्त १ मिलिसेकंदाच्या फरकानेही ५०० हर्ट्झला खड्डा पडतो, मग १५०० ला, मग २५०० ला. आवाज पोकळ वाटला की आधी हे तपासा, ईक्यूला (खालचे-वरचे सूर कमी-जास्त करायच्या प्लगइनला) हात लावू नका.

वेव्हशेपरमध्ये स्वतःचा कर्व्ह काढणाऱ्यांनी एक बघा. वरचा आणि खालचा भाग सारखा असेल तर विषम हार्मोनिक मिळतात, वेगळा असेल तर समही येतात, आणि त्यांच्यासोबत येतो डीसी ऑफसेट. साधा वर्गाचा कर्व्ह घ्या, आत साइन सोडा, बाहेर एक सप्तक वरचा सूर येतो खरा, पण वर्ग कधी ऋण नसतो, म्हणून सगळी लाट मधल्या रेषेच्या वर सरकते. ऐकू काही येत नाही. पण पुढच्या लिमिटरची (शिखरं अडवणाऱ्या प्लगइनची) अर्धी जागा त्यात जाते आणि क्लिप कापली की टक् वाजतं. वेव्हशेपरच्या मागे २० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचं कापणारा फिल्टर) ठेवा, संपलं.

बाकीच्या चुका पटापट सांगतो. रेकॉर्डिंग करताना मीटर लालच्या जवळ न्यायची गरज नाही, २४ बिटमध्ये शिखर उणे १२ वर ठेवलं तरी काही बिघडत नाही, आणि आत येतानाच फाटलेलं कुठल्याही प्लगइनने शिवता येत नाही. मे महिन्यात कूलर चालू ठेवून गाणं रेकॉर्ड करू नका, कॉम्प्रेसरने १० डेसिबल दाबून मेकअपने (दाबलेली लेव्हल परत वाढवणाऱ्या नॉबने) १० परत दिले की शब्दांच्या मधल्या जागेत कूलर १० डेसिबलने वर येतो, दहा मिनिटं घाम गाळा पण तो बंद करा. सब-बेस सबंध डिस्टॉर्ट करू नका, १५० च्या खालचं स्वच्छ ठेवून वरचंच वाकवा. ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला सगळं गाणं आत-बाहेर होत असेल तर बसच्या कॉम्प्रेसरच्या साइडचेनला (तो ज्या आवाजावरून दाब ठरवतो त्याला) १२० च्या आसपास हाय-पास लावा. १९६७ च्या ११७६ कॉम्प्रेसरची नक्कल वापरत असाल तर त्याचे अटॅक-रिलीजचे नॉब उलटे आहेत, उजवीकडे फिरवलं की वेग वाढतो, आणि त्याचा सगळ्यात हळू अटॅकसुद्धा ८०० मायक्रोसेकंद म्हणजे १ मिलिसेकंदाच्या आतच.

ख्यालाला जोरात कॉम्प्रेस करणाऱ्यांना तर मी हात जोडतो. आपल्या इंदूरच्या उस्ताद अमीर खाँ साहेबांची विलंबित बढत ऐका, मंद्रातला तो हलका स्वर आणि नंतर हळूहळू उघडत गेलेला आवाज, ते अंतर म्हणजेच गाणं. ते कॉम्प्रेसरने सपाट करायचं आणि वर आवाजाला 'प्रेझेन्स' आला म्हणायचं हे मला सहन होत नाही. मी तिथे कॉम्प्रेसर लावतच नाही, फेडर (लेव्हलची सरकपट्टी) हाताने वर-खाली करून ऑटोमेशन लिहितो, म्हणजे ती हालचाल नोंदवून ठेवतो. अर्धा तास जास्त जातो, जाऊ द्या.

आणि मास्टरच्या (सगळं एकत्र होऊन बाहेर पडतं त्या चॅनेलच्या) लिमिटरवर मिक्स करू नका. स्पॉटिफाय सगळ्यांना साधारण उणे १४ लफ्सच्या आसपास आणून सोडतं, तुम्ही उणे ६ पर्यंत ठेचलेलं गाणं तिथे नुसतं खाली ओढलं जातं आणि ठेचल्याची खूण तेवढी राहते. लिमिटरचं सीलिंग (वरची मर्यादा) उणे १ डेसिबल ट्रू पीकवर (लाटेच्या खऱ्या शिखरावर) ठेवा कारण एमपीथ्री करताना शिखरं थोडी वर सरकतात. माझ्याकडे फाइल आणताना लिमिटर काढलेली एक वेगळी आणा, सगळे ट्रॅक सुटे असतील तर फारच बरं. गेल्या भाद्रपदात एकाने फक्त व्हॉट्सअॅपवरून आलेली ठेचलेली एमपीथ्री आणली होती, मूळ प्रोजेक्ट डिलीट केलेला, तेव्हा सगळी आरती आम्हाला पुन्हा गाऊन घ्यावी लागली.