लघवी तुंबलेल्या रुग्णासाठी कॅथेटर निवडताय? या चुका टाळा

मुंबईतल्या प्रिन्सेस स्ट्रीटच्या सर्जिकल दुकानात ‘लघवीची नळी (कॅथेटर) द्या’ म्हटलं की समोरचा नंबर विचारतो. नंबर सांगितला तरी माहिती अर्धीच असते. नळी लॅटेक्सची की सिलिकॉनची, टोक सरळ की वाकडं, नळी मूत्राशयात अडकवून ठेवणारा फुगा किती मिलिलिटरचा आणि लांबी पुरुषाची की बाईची, हेही सांगावं लागतं. हे सगळं पाकिटावर छापलेलं असतं, म्हणून आधीच्या नळीचं पाकीट जपून ठेवा.

सगळ्यात घातक चूक लांबीची. बायकांसाठीची आखूड फोली (फुग्याची, आत राहणारी नळी) साधारण 26 सेंटिमीटर असते, पुरुषांची 40 च्या आसपास. आखूड नळी पुरुषाला घातली तर फुगा मूत्राशयापर्यंत पोचतच नाही, मूत्रमार्गातच फुगतो आणि आतलं अस्तर फाटून रक्त येतं. नळी योग्य लांबीची असली तरी लघवीचे पहिले थेंब दिसताच फुगा फुगवायची घाई करू नये. पुरुषांमध्ये नळी दुफाट्यापर्यंत (बाहेरच्या टोकाला तिला दोन फाटे फुटतात तिथपर्यंत) आत सरकवायची आणि मगच फुगवायची. फुगवताना रुग्ण कळवळला किंवा पिचकारी जड गेली, तर थांबायचं आणि पाणी परत ओढून घ्यायचं. घालताना मागे घेतलेली पुढची कातडी नंतर पूर्ववत पुढे आणायची, नाहीतर ती मागेच अडकून सुजते.

दुसरी चूक कंडोम कॅथेटरची. मूत्राशय तुडुंब भरलं की लघवी थेंबथेंब गळते आणि घरच्यांना वाटतं, ताबा सुटलाय. बाहेरून लावलेलं कंडोम ते थेंब गोळा करतं, आतलं मूत्राशय तसंच भरलेलं राहतं. ओटीपोट टणक लागत असेल तर नळी आतूनच हवी.

आता नंबर. तो ‘फ्रेंच’ या मापात असतो. 1 फ्रेंच म्हणजे एक तृतीयांश मिलिमीटर, तोही बाहेरचा व्यास. म्हणजे 16 नंबरची नळी सुमारे 5.3 मिलिमीटर जाड. सिलिकॉनची भिंत पातळ असल्याने त्याच नंबरात आतलं भोक मोठं मिळतं. पुरुषांना सहसा 14 किंवा 16, बायकांना 12 किंवा 14 पुरतो. फाट्याजवळचा रंग पाहा: 12 पांढरा, 14 हिरवा, 16 नारिंगी. नळीच्या बाजूने लघवी झिरपली की जाड नळी मागणं ही नेहमीची गफलत. झिरपण्यामागे बहुतेकदा मूत्राशयाचे झटके, बद्धकोष्ठ, दुमडलेली नळी किंवा साचलेला गाळ असतो. जाड नळीने झटके उलट वाढतात. रक्ताच्या गाठी येत असतील तर मात्र जाड, तीन तोंडांची नळी लागते, आणि ते काम वॉर्डातलं.

प्रोस्टेट मोठं असेल आणि सरळ टोक अडत असेल तर जोर लावू नये. वाकड्या टोकाची नळी, टोक वरच्या दिशेला ठेवून, अनुभवी हातानेच घालायची.

फुग्यात निर्जंतुक पाणीच भरावं, पाकिटावर छापलंय तेवढं, बहुधा 10 मिलिलिटर. सलाईन नको, त्याचे क्षार साठून फुगा रिकामा करायचा मार्ग तुंबू शकतो. लॅटेक्सला व्हॅसलीन लावू नका, रबर खराब होतं. बधिर करणारी लिग्नोकेन जेलीच वापरा. लॅटेक्सची ॲलर्जी आहे का, हे आधी विचारा. साधी लॅटेक्स नळी दोन ते चार आठवडे, सिलिकॉनची बारा आठवड्यांपर्यंत चालते, म्हणून महिनोन्‌महिने नळी लागणार असेल तर स्वस्त लॅटेक्स शेवटी स्वस्त पडत नाही.

हात चालत असतील आणि रुग्णाला शिकायची तयारी असेल तर कायमची नळीच नको. दिवसातून चार ते सहा वेळा, एका वेळी साधारण 400 ते 500 मिलिलिटरच्या आत लघवी निघेल अशा बेताने स्वतः नळी घालून काढणं, यात संसर्ग कमी होतो. लोकलने रोज ये-जा करणाऱ्याला तर हाच मार्ग सुटसुटीत. नळी कायमचीच असेल तर पायाला बांधायची पिशवी घ्या. ती मूत्राशयाच्या खाली राहील आणि जमिनीला टेकणार नाही, असं बघा, आणि दोन तृतीयांश भरायच्या आत रिकामी करा.

नळी काढताना फुगा रिकामा होत नसेल तर कात्री लावू नका. कापलेली नळी आत सरकू शकते. पिचकारी काढून पुन्हा लावा, दट्ट्या न ओढता पाणी आपोआप येऊ द्या. तरी आलं नाही, किंवा लघवी थांबून पोट फुगलं, थंडी वाजून ताप आला, तर जवळच्या रुग्णालयाच्या इमर्जन्सीत न्या आणि नळीचं पाकीट सोबत घ्या.