आवाज गेलेल्या माणसासाठी बोलते साधन: निवड, सराव आणि राखण

आवाज गेला की घरातील मंडळी बहुधा पहिल्याच आठवड्यात मोबाईलवर ‘बोलणारे ॲप’ शोधू लागतात. त्याआधी एक गोष्ट ठरवून घ्यावी लागते, ती ही की माणसाचा केवळ आवाज गेला आहे की भाषाही अडली आहे. कर्करोगामुळे स्वरयंत्र काढलेला माणूस वाचू शकतो, लिहू शकतो, मनात वाक्य जुळवू शकतो. त्याला हवा असतो तो फक्त ध्वनी. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर ज्याला वाचाघात झाला आहे त्याला मात्र शब्दच सापडत नाही, आणि बोलताना न सापडणारा शब्द बहुतेक वेळा लिहितानाही सापडत नाही. अशा माणसापुढे कळफलक ठेवून ‘लिहून सांगा’ म्हणणे हा त्याचा छळच होय. त्याला चित्रांवर बोट ठेवून बोलता येईल असे साधन लागते, आणि आयआयटी मुंबईत तयार झालेले ‘जेलो’ हे विनामूल्य ॲप मराठीतही असल्यामुळे सुरुवात तेथून करता येते. मोटर न्यूरॉन आजारात, म्हणजे स्नायू चालवणाऱ्या मज्जापेशी झिजत जातात त्या आजारात, भाषा बरीच शाबूत राहते, पण जीभ आणि हात हळूहळू साथ सोडतात. ज्यांचा आवाज गेलेला नसून केवळ क्षीण झाला आहे, त्यांचे काम शिक्षक आणि फेरीवाले वापरतात त्या कमरेला लावायच्या छोट्या ध्वनिवर्धकाने पुष्कळदा भागते. ही पारख वाचा-उपचारतज्ज्ञाकडून करून घ्यावी. वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत त्याची सोय आहे.

स्वरयंत्र काढलेल्या माणसाचा श्वास नाकातोंडातून न जाता गळ्यातील छिद्रातून, म्हणजे स्टोमातून, चालतो. त्याच्यासाठी श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये छोटी झडप बसवून फुप्फुसातील हवेने बोलवण्याची पद्धत आहे आणि तिचा आवाज सर्वांत नैसर्गिक येतो. परदेशी झडपेला हजारो रुपये पडतात. बेंगळुरूचे कर्करोग-शल्यविशारद डॉ. विशाल राव यांनी तयार केलेली ‘ऑम’ ही झडप मात्र सुमारे ५० रुपयांत मिळावी या हेतूने बनवली गेली. तरीही झडप अधूनमधून बदलावी लागते आणि ती गळू लागली की पाणी पिताना ठसका लागतो, हे ध्यानात ठेवून देवगड किंवा गुहागरच्या माणसाने आपल्याला मोठे रुग्णालय किती लांब आहे याचा हिशेब आधीच करावा.

गळ्यावर टेकवायचे इलेक्ट्रोलॅरिंक्स हे यंत्र त्या मानाने सुटसुटीत असते. विजेरीएवढ्या या यंत्राच्या तोंडाशी असलेला पडदा थरथरतो, ती थरथर कातडीतून घशात आणि तोंडात जाते, आणि जीभ व ओठ तिचे शब्द करतात. सारे कौशल्य जागा शोधण्यात आहे. जबड्याखाली, थोडे बाजूला, अंगठ्याने दाबून जेथे मांस मऊ लागते तेथे यंत्र पूर्ण टेकवावे, बटण दाबून ‘आ’ म्हणावे आणि आवाज घुमण्याऐवजी बाहेर गुणगुणत राहिला तर बोटभर सरकवून पुन्हा पाहावे. किरणोपचारांनी मान कडक झाली असेल तर गालावर टेकवून पाहावे, किंवा तोंडाच्या कोपऱ्यात धरायची बारीक नळी यंत्राला जोडावी. उजव्या हाताने कामे करणाऱ्याने यंत्र डाव्या हातात धरण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी. बटण बोलतानाच दाबावे आणि दोन वाक्यांच्या मध्ये सोडावे, नाहीतर ऐकणाऱ्याला सलग भुणभुण तेवढी ऐकू येते.

मराठी बोलणाऱ्याला येथे एक वेगळी अडचण येते. तोंडातून फुप्फुसाची हवा येत नसल्यामुळे ‘ह’ जवळजवळ नाहीसा होतो आणि ख, घ, थ, भ यांचे क, ग, त, ब होतात. शिवाय यंत्राची थरथर अखंड चालू असल्यामुळे ‘प’ आणि ‘ब’ यांतील फरकही पुसला जातो. माझे थोरले काका देवगडजवळच्या घरी पहिल्यांदा यंत्र लावून ‘पेज’ म्हणाले तेव्हा काकूला ‘बेज’ ऐकू आले, आणि ‘भात’ मागितला तर ‘बात’. यावर उपाय असा, की प, त, क या अक्षरांना ओठ किंवा जीभ क्षणभर अधिक घट्ट दाबून मग झटकन सोडावी, म्हणजे तोंडातल्या हवेचा छोटा फटकारा निघतो. ‘हो’ म्हणण्याच्या फंदात न पडता मान हलवावी. आवाजाचा चढउतार बहुतेक यंत्रांत फारसा नसतो, म्हणून ‘जेवलास?’ हा प्रश्न विधानासारखा ऐकू येतो. तेथे ‘जेवलास का?’ असा ‘का’ मुद्दाम जोडावा. रोज सकाळी वीस मिनिटे अंक, वार आणि घरातल्यांची नावे आरशासमोर म्हणावीत. फोनवर बोलण्याचा सराव सर्वांत शेवटी घ्यावा, कारण तेथे ओठ दिसत नाहीत.

ज्याला लिहिता येते त्याच्या खिशात मोबाईलच्या रूपाने दुसरा आवाज असतोच. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘टेक्स्ट-टू-स्पीच’ उघडून भाषा मराठी निवडावी आणि मराठी आवाजाची फाइल उतरवून घ्यावी; ती उतरवली नाही तर घाटात किंवा खाडीपलीकडे नेट गेले की फोनही मुका होतो. उतरवल्यावर एअरप्लेन मोड लावून एकदा बोलवून पाहावे. हिंदी आवाजावर मराठी वाचवू नये, कारण ‘चमचा’ आणि ‘जहाज’ यांतील आपले च आणि ज त्याला जमत नाहीत. घरात मालवणी बोलणाऱ्याने छापील मराठीचा आग्रह धरू नये: ‘माका पेज होयी’ (मला पेज हवी) असे लिहून यंत्राकडून ऐकावे, उच्चार बिघडला तर अक्षरे बदलून पाहावीत आणि जमलेले वाक्य कळफलकाच्या वैयक्तिक शब्दकोशात दोन अक्षरी खूण देऊन साठवावे. ‘कि.मी.’, ‘रु.’ असली संक्षिप्त रूपे पूर्ण लिहावीत. आवाज आणि वेग एकदा ठरला की वरचेवर बदलू नये. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांचा आवाज १९८५मध्ये गेला आणि ते यंत्राच्या आवाजात बोलू लागले; पुढे अधिक चांगले यांत्रिक आवाज निघाले, तरी त्यांनी तो जुनाच ठेवला, कारण लोक त्यांना त्यानेच ओळखत.

हातही चालत नसतील तर मुळाक्षरांचा तक्ता कोणत्याही ॲपपेक्षा भरवशाचा ठरतो. क, च, ट, त, प या वर्गांच्या पाच ओळी, त्याखाली य ते ळ आणि शेवटी स्वर असा जाड अक्षरांचा कागद करावा. ऐकणाऱ्याने ओळीवर बोट फिरवत विचारावे, रुग्णाने डोळे मिटून ‘हीच’ अशी खूण करावी, मग त्या ओळीतील अक्षरे घ्यावीत. काना-मात्रा सोडून द्याव्यात. ‘पण’ आले की प्रसंगावरून ‘पाणी’ ओळखता येते. दोन अक्षरांनंतर ऐकणाऱ्याने अंदाज मोठ्याने सांगावा, आणि ‘चुकले’ याची खूण आधीच ठरलेली असावी.

शस्त्रक्रियेला अवकाश असेल तर आधीचे दिवस वाया घालवू नयेत. बंद खोलीत, पंखा थांबवून, तोंडापासून वीतभर अंतरावर फोन ठेवून माणसाच्या स्वतःच्या आवाजात नेहमीची वाक्ये ध्वनिमुद्रित करावीत आणि प्रत्येकाला वेगळे नाव द्यावे. ‘पाणी द्या’ हे यंत्रही म्हणते. मुद्रित करायचे ते नातवंडांना मारायच्या हाका, आवडीची शिवी, गणपतीतील आरती. काका दरवर्षी देवळात गाऱ्हाणे घालीत, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्याने साकडे घालीत आणि जमलेले लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणत. आम्ही ते मुद्रित करायचे विसरलो आणि आता ते दुसराच कोणी घालतो. काका बाकीच्यांबरोबर ‘व्हय म्हाराजा’ला नुसता हात वर करतात.

किनाऱ्यावर या यंत्रांचा खरा शत्रू म्हणजे खारी हवा. इलेक्ट्रोलॅरिंक्सच्या बॅटरीचे धातूचे टोक हिरवट पडते, म्हणून ते आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसावे आणि यंत्र रात्री सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. जून ते सप्टेंबर वीज जाणारच असे धरून पॉवर बँक भरलेली आणि बॅटरीचा एक जादा संच घरात ठेवावा. मासळीच्या लिलावात कोणतेही यंत्र ऐकू जात नाही. तेथे बोटांच्या खुणा आणि पाटी-पेन्सिल हेच चालते.

कायद्याचा आधारही घ्यावा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यातील वाचा व भाषा दिव्यांगत्वाच्या व्याख्येत स्वरयंत्र काढल्यामुळे आलेल्या कायमच्या दिव्यांगत्वाचा उल्लेख आहे, म्हणून यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, अर्ज करून जिल्हा रुग्णालयात तपासणी करून घ्यावी.

स्टोमा असलेल्या माणसाने विहिरीच्या काठावर, तरीत आणि होडीवर विशेष जपावे, कारण पाणी छिद्रातून थेट फुप्फुसात जाते. पावसात छत्री असली तरी गळ्यावर हवा जाऊ देणारे सैल फडके बांधावे. १०८ला फोन करण्यासाठी गावाचे नाव, वाडी आणि जवळची खूण सांगणारे वाक्य दुसऱ्या फोनवर तयार ठेवावे आणि ते पहिल्या फोनच्या माइकजवळ वाजवावे. तसेच ‘माझा श्वास गळ्यातील छिद्रातून चालतो, ते झाकू नका, कृत्रिम श्वास तोंडातून न देता तेथूनच द्या’ असे जाड अक्षरांत लिहून लॅमिनेट केलेले कार्ड एक खिशात, एक होडीत आणि एक शेजाऱ्यांच्या घरी ठेवावे.