सुटाचं कापड निवडताना: टेलरकडे जाण्याआधीची तयारी

दुकानात शिरण्याआधी एक कागद घ्या आणि हा सूट पुढच्या वर्षभरात कुठे कुठे घालणार ते लिहून काढा. ऑफिसात आठवड्यातून दोनदा की वर्षातून चार समारंभांना? एसीत बसून की उन्हातान्हात फिरून? बॅगेत घडी होऊन प्रवासाला जाणार का? आणि कोट कधी वेगळ्या पँटवर घालायचा आहे का? हे आधी लिहिलेलं नसलं, की समोर तागे उलगडायला लागल्यावर माणूस जे हाताला मऊ लागतं त्यावरच बोट ठेवतो.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर कापडाची दिशाच बदलते. गुळगुळीत, तुकतुकीत वर्स्टेडचा (विंचरलेल्या लोकरीच्या धाग्याचं सुटाचं नेहमीचं कापड) कोट जीन्सवर किंवा दुसऱ्या पँटवर घातला की सुटाचा अर्धा भाग हरवल्यासारखा दिसतो. वेगळा घालायच्या कोटाला पोत हवा: जाळीदार विणीचं हॉपसॅक, फ्लॅनेल, ट्वीड, लिनन.

त्याच कागदावर कपाटाचीही नोंद करा. शर्ट बहुतेक पट्ट्यांचे असतील तर सूट साधा किंवा बारीक पोताचा घ्या. नेहमीचा एक शर्ट आणि रोजचे बूट सोबत न्या, कापडाशेजारी ठेवून बघता येतात. पहिलाच सूट असेल तर गडद निळा किंवा मध्यम करडा, यापलीकडे जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. काळा समारंभासाठी ठीक, पण दिवसाउजेडी तो कोरडा दिसतो आणि त्यावरची धूळ लांबून दिसते.

आता वजन. सूटिंगचं वजन ग्रॅममध्ये सांगतात, पण ते धावत्या मीटरचं की चौरस मीटरचं, हे विचारून घ्या. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, 150 सेंटीमीटर असेल तर धावत्या मीटरला 300 ग्रॅम म्हणजे चौरस मीटरला 200 ग्रॅम, त्यामुळे एकच कापड दोन लेबलांवर दोन वेगळी वाटू शकतात. धावत्या मीटरच्या हिशेबात 240 ते 270 ग्रॅम हलकं, 280 ते 320 मधलं आणि 340 च्या वर जड. गरम हवेसाठी सगळे हलकंच मागतात, पण फार हलकं कापड शिवणीपाशी चुणतं आणि ढोपरापाशी फुगतं. घट्ट पिळाच्या धाग्याचं, साध्या मोकळ्या विणीचं 280 ग्रॅमचं कापड घट्ट विणलेल्या 240 पेक्षा अंगाला गार लागू शकतं, कारण त्यातून हवा खेळते. कापड डोळ्यांसमोर धरून उजेडाकडे बघा. विणीतून बारीक उजेड दिसला तर वाराही आत येईल.

काठावर छापलेल्या ‘सुपर’ आकड्यांना भुलू नका. तो आकडा लोकरीचा तंतू किती बारीक आहे एवढंच सांगतो. सुपर 100 म्हणजे तंतू जास्तीत जास्त 18.75 मायक्रॉनचा, सुपर 120 म्हणजे 17.75, सुपर 150 म्हणजे 16.25. जितका बारीक तितका स्पर्श रेशमी आणि तितकीच झीज लवकर, विशेषतः पँटच्या बैठकीला आणि मांड्यांच्या आत. आठवड्यातून दोनदा घालायच्या सुटाला 100 ते 120 पुष्कळ झालं. त्यापेक्षा धागा आडवा-उभा दोन्हीकडे दुहेरी पिळाचा आहे का, हे विचारा. टिकाऊपणा आणि सुरकुती सोडण्याची ताकद त्यावर जास्त अवलंबून असते.

कापडाचा कोपरा मुठीत घट्ट आवळून दहा सेकंद धरा आणि सोडा. चांगली लोकर हळूहळू स्वतःच उलगडते. लिननची सुरकुती राहणारच, ती आवडत असेल तरच लिनन घ्या. मिश्रणाची शंका असेल तर काठाचे दोन धागे मागून घ्या आणि बाहेर येऊन जाळून बघा. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. रंग मात्र दुकानातल्या दिव्याखाली ठरवू नका. गडद निळा आत काळा वाटतो आणि बाहेर उन्हात वेगळाच निघतो, म्हणून तागा दारापर्यंत न्यायला सांगा. यात संकोच करायचं काही कारण नाही.

डिझाइनपाशी मात्र घाई करू नका. नमुन्याचा तुकडा तळहाताएवढा असतो आणि कोटाची पाठ त्याच्या कितीतरी पट. तुकड्यात ठिपक्याठिपक्यांचं दिसणारं बर्ड्सआय तीन मीटरवरून साधं, पण खोली असलेलं करडं दिसतं. उलट तुकड्यात शांत वाटणारी ग्लेन चौकडी (बारीक रेघांच्या गटांनी बनलेली) पूर्ण पाठीवर एकदम बोलकी होते. म्हणून दीड मीटर कापड उलगडून खांद्यावर टाकायला सांगा, तीन पावलं मागे जाऊन आरशात बघा, आणि सोबतच्या माणसाला लांबून फोटो काढायला सांगा. पिनस्ट्राइपचा पट्टा सुईच्या टोकाएवढ्या ठिपक्यांचा असतो, चॉकस्ट्राइपचा जाड आणि कडा धूसर असलेला. पहिली कामकाजाची, दुसरी फ्लॅनेलवर शोभणारी. हेरिंगबोन, म्हणजे माशाच्या काट्यांसारखी तिरकी वीण, जवळून रेखीव आणि लांबून साधं असतं, मला सगळ्यात जास्त आवडतं ते हेच. जाड माणसाने चौकडी घालूच नये, हा सरसकट नियम मला पटत नाही. आकार अंगाला साजेसा हवा. लहान चणीच्या छातीवर खिडकीच्या तावदानांसारख्या मोठ्या चौकडीचे दोन-तीनच चौकोन बसतात आणि ते अपुरे वाटतात.

आणि चौकडी घेतलीत तर कापड जास्त घ्या. माझ्या तपकिरी चौकडीच्या कोटाला साध्या कापडाच्या मापाने दोन मीटर घेतलं होतं. ट्रायलला उभा राहिलो, हात सोडला, तर छातीवरून जाणारी केशरी रेघ बाहीवर येताना बोटभर खाली उतरली होती. डाव्या खिशाची झडपही तशीच, खालच्या रेघेशी न जुळणारी. टेलरने मान्य केलं, पण बाही पुन्हा कापायला कापडच उरलं नव्हतं. तो कोट मी आजही घालतो आणि आरशात दरवेळी नजर आधी त्या बाहीवर जाते.

म्हणून कटाईआधी विचारून घ्या: पाठीची मधली शिवण, दोन्ही लॅपल (छातीवर दुमडलेल्या पट्ट्या), खिशाच्या झडपा, कॉलर आणि पाठ, बाही आणि छाती, या सगळ्या ठिकाणी रेघा जुळवणार का? खांद्याची शिवण आणि मुंढ्याचा वरचा भाग पूर्ण जुळत नाही, तिथे कापडाला मुरड द्यावी लागते, ते धरून चाला. बाकी जुळलंच पाहिजे. 150 सेंटीमीटर पन्ह्यात कोट-पँटला साधारण 3 ते 3.5 मीटर, नुसत्या कोटाला 2 मीटरच्या आसपास लागतं. मोठ्या चौकडीला अर्धा मीटर वर धरा. शेवटचा आकडा मात्र माप घेतल्यावर टेलरच सांगेल, म्हणून आधी त्याच्याकडे जा आणि मग कापड घ्या. सूट वारंवार घालणार असाल तर दुसरी पँट त्याच ताग्यातून आत्ताच शिवा. पँट आधी झिजते, आणि पुढच्या रंगाईत तोच रंग हुबेहूब मिळेलच असं नाही.

बाकीच्या गोष्टी कापडावरून ठरतात. अस्तर व्हिस्कोज किंवा क्युप्रोचं (कापसाच्या तंतूंपासून बनवलेलं रेशमी कापड) मागा, पॉलिएस्टर घाम शोषत नाही. आतला कॅनव्हास (कोटाच्या छातीला आकार देणारा थर) चिकटवलेला की शिवलेला, तेही आधीच विचारा. हलक्या कापडावर चिकटवलेला थर पुढे सुटला की छातीवर फोड आल्यासारखं दिसतं. कापण्याआधी कापड वाफ देऊन आधीच आकसवून घेणार का, हे नक्की करा.

शिवून झाल्यावर उरलेले तुकडे मागायला विसरू नका. हातभर तुकडा आणि दोन बटणं एका पाकिटात घालून कपाटात ठेवा, वरती कापडाचं वजन आणि ताग्याचा नंबर लिहून. खिशाची कड फाटली तर रफू करणारा आधी तेच मागतो.