मालागाचे चिरिंगीतो: या चुका टाळा

स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या मालागाहून परतलेले आपल्याकडचे बरेच जण एकच तक्रार करतात: समुद्र छान होता, पण बीचवरच्या बारमध्ये काही मजा आली नाही आणि बिल मात्र सणसणीत आलं. यात दोष बहुतेक वेळा बारचा नसतो. चिरिंगीतो, म्हणजे तिथला वाळूला लागून असलेला बार, हा नावालाच बार. मुळात ती माशांची खानावळ आहे आणि तिची खरी वेळ दुपारच्या जेवणाची. गोव्याच्या शॅकवर जसं सकाळपासून आडवं पडून बिअर मागवत राहतो आणि भूक लागेल तेव्हा जेवतो, तसा बेत करून गेलात की सगळं गणित बिघडतं.

वेळ चुकते

साडेबाराला गेलात तर मासे भाजायचा विस्तव नुकता पेटत असतो. साडेपाचला गेलात तर पेय मिळतं, पण स्वयंपाकघर बऱ्याच ठिकाणी बंद झालेलं असतं. मग समोर येतात चिप्स आणि ऑलिव्ह. दोन ते चार ही जेवायची वेळ. हे तिथल्या लोकांचं ऐषारामीपण नव्हे, घड्याळच तसं आहे. 1940 साली स्पेनने आपलं घड्याळ मध्य युरोपाशी जुळवलं ते आजतागायत तसंच आहे, वर उन्हाळ्यात आणखी एक तास पुढे. त्यामुळे जुलैमध्ये मालागात सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी दोन वाजून गेल्यावर, आणि मावळतो रात्री साडेनऊच्या सुमारास. रात्रीच्या जेवणासाठी नऊच्या आधी जाऊन टेबलावर बसून राहण्यात अर्थ नाही.

रविवारी आजी-आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत अख्खी कुटुंबं जेवायला येतात, तेव्हा सावलीतलं टेबल आधी फोन करून राखून ठेवा. सोमवारी काही चिरिंगीतो बंद असतात. शनिवार-रविवार बऱ्याच मासेमारी बोटी विश्रांतीवर असल्याने सोमवारच्या ताज्या मासळीचीही फार आशा धरू नका.

जवळ आहे म्हणून मालागेतावरच बसणं

ला मालागेता हा बीच शहराच्या मध्यभागापासून चालत जाण्याइतका जवळ, म्हणून पाहुण्यांची गर्दी तिथेच. वाईट नाही. पण पूर्वेला पेद्रेगालेखो आणि त्यापुढे एल पालो या कोळ्यांच्या जुन्या वस्त्या आहेत. समुद्रालगत बुटकी घरं, त्यांच्यासमोर अरुंद फरसबंद रस्ता आणि रस्त्याला लागून टेबलं. 11 नंबरची बस तिकडे जाते. जेवणासाठी माझं मत निःसंशय तिकडचं.

एस्पेतो मागवतात, पण खाता येत नाही

मालागात आलात आणि एस्पेतो, म्हणजे सळईत ओवून विस्तवाशेजारी भाजलेल्या सार्डिन, खाल्ला नाहीत तर चिरिंगीतोला गेलात कशाला? वाळू भरलेली जुनी होडी बारसमोर उभी असते, तिच्यात ऑलिव्हच्या लाकडांचा विस्तव. एस्पेतेरो, म्हणजे हे काम करणारा माणूस, पाच-सहा सार्डिन (आपली तारली याच गोतावळ्यातली) बोरूच्या चपट्या काठीत किंवा हल्ली स्टीलच्या सळईत ओवतो. काठी मणक्याच्या खालून जाते, म्हणजे मासा सळईवरून गळून पडत नाही. मग जाडं मीठ, आणि सळई विस्तवाशेजारी वाळूत तिरकी खोचायची. ती नेहमी वाऱ्याच्या बाजूला, म्हणजे धूर माशावर न येता पलीकडे जातो. वारा फिरला की तो सळया उपटून दुसरीकडे खोचतो. पाच मिनिटं उभं राहून हे बघा, कोणी हटकत नाही.

आता गफलत कुठे होते? हे मासे खवले काढून, पोट साफ करून भाजत नाहीत. आपण घरी मासळी निवडून, हळद-मीठ लावून खाणारे, त्यामुळे पहिला घास पोटाकडून घेतो आणि कडू लागलं की ताट बाजूला सारतो. तसं करू नका. सार्डिन दोन्ही हातांच्या बोटांत आडवी धरा, वरच्या बाजूचं मांस काट्यापासून ओढून घ्या, मासा उलटा, दुसरी बाजू तशीच. डोकं, काटा आणि पोट ताटात राहू द्या. काटा-चमच्याच्या भानगडीत पडू नका. 1884 च्या नाताळातल्या मोठ्या भूकंपानंतर राजा आल्फोन्सो बारावा या भागात आला होता. एल पालोच्या मिगेल नावाच्या बारवाल्याने त्याला सार्डिन वाढल्या आणि राजाने सुरी-काटा उचलताच ‘महाराज, असं नव्हे, बोटांनी’ असं सुनावलं, ही गोष्ट मालागात अजून सांगतात.

सार्डिनला चरबी चढते ती उन्हाळ्यात. ज्या महिन्यांच्या नावात ‘र’ नाही ते महिने चांगले, असा तिथला ठोकताळा आहे, आणि तो मराठी नावांनाही चालतो: मे ते ऑगस्ट. जानेवारीत खाल्लेला एस्पेतो कोरडा लागला तर नवल नाही.

वजन न विचारता अख्खा मासा सांगणं

मोठ्या बिलामागचं सर्वांत मोठं कारण हेच. मेन्यूवर दोरादा किंवा लुबिना या माशांपुढचा आकडा अनेकदा किलोचा असतो, कधी नुसतं ‘बाजारभावाप्रमाणे’ लिहिलेलं असतं. वजन धरतात ते कच्च्या माशाचं, डोक्यासकट. मासा विस्तवावर जाण्याआधी दाखवायला सांगा आणि ‘क्वांतो पेसा?’ विचारा. वेटरला त्यात काही वावगं वाटत नाही, तिथले लोकही विचारतात.

तळलेल्या माशांत ‘रासियोन’ म्हणजे भरलेलं ताट, ‘मेदिया रासियोन’ म्हणजे अर्धं. दोघांनी तीन अर्धी ताटं घेतली तर पोट भरतं. बोकेरोनेस, म्हणजे मांदेलीच्या कुळातले छोटे मासे, कुरकुरीत तळून येतात. ते गार झाले की गेले, म्हणून सगळं एकदम न सांगता टप्प्याटप्प्याने सांगा. पएय्या हा भाताचा पदार्थ, मुळात वलेन्सियाकडची. मालागात मिळते, बहुतेकदा किमान दोघांसाठी आणि अर्धा तास थांबून, पण होडीतला विस्तव समोर असताना तिच्यासाठी कशाला थांबायचं?

‘नो मीट’ म्हणून निर्धास्त होणं

शाकाहाऱ्यांनी हे नीट वाचा. ‘मांस नको’ म्हटलं तरी सॅलडवर टूना येतो, आणि गार सूपवर उकडलेल्या अंड्यासोबत हॅमचे तुकडे. वेटर फसवत नाही. त्याच्या लेखी ते मांसात मोडतच नाही. एकेक नाव घेऊन नको म्हणा: ‘सिन आतुन, सिन हामोन’. मालागाच्या स्थानिक सॅलडमध्ये बटाटा आणि संत्र्याबरोबर खारवलेला कॉड असतो, तोही लक्षात ठेवा. आखोब्लांको हे बदाम-लसणीचं गार सूप, वर द्राक्षं, बहुधा सुरक्षित. आणि एक पदार्थ आपल्यासाठीच असावा असा: वांग्याचे तळलेले काप, वरून काकवी. हो, उसाचीच काकवी. याच प्रांतातल्या फ्रिखिलियाना गावात आजही बनते. फक्त ते काप माशांच्याच तेलात तळतात का, हे कडक शाकाहाऱ्यांनी आधी विचारून घ्यावं.

एल तिन्तेरोमध्ये मेन्यूची वाट बघणं

एल पालोच्या टोकाला असलेल्या या चिरिंगीतोची तऱ्हाच निराळी. वेटर हातात भरलेली ताटं घेऊन पदार्थांची नावं ओरडत टेबलांमधून फिरतात. हवं असेल तर हात वर करायचा, ताट तुमचं. शेवटी टेबलावरची रिकामी ताटं मोजून हिशेब होतो. नवखे लोक घाबरून पहिली तीन ताटं घेतात आणि मग आवडीचं येतं तेव्हा पोटात जागा नसते. दोन फेऱ्या नुसत्या जाऊ द्या. गोंगाट नको असेल तर तिकडे फिरकूच नका.

बारीकसारीक

शेजारच्या ग्रानादात पेयाबरोबर तापा, म्हणजे खाण्याची छोटी बशी, फुकट मिळतो, मालागात तो हक्क समजू नका. सांग्रियाचा जग सांगण्यापेक्षा तिन्तो दे वेरानो मागवा: रेड वाइन, सोडा किंवा लिंबाचं गोड पेय आणि बर्फ, हलकं आणि स्वस्त. नळाचं पाणी फुकट देणं 2022 च्या कायद्याने बंधनकारक आहे, ‘आगुआ देल ग्रिफो’ म्हणा. वाळूवरच्या खुर्च्यांचं भाडं वेगळं, पण किनारा सार्वजनिक असल्याने टॉवेल टाकून बसायला कोणाची परवानगी लागत नाही. बीच सोडून शहरात पोहण्याच्या कपड्यांत हिंडलात तर दंड होऊ शकतो. आणि जमिनीकडून तेराल हा कोरडा वारा सुटला की भट्टीसारखं तापतं, पण समुद्र मात्र बर्फासारखा गार पडतो. त्या दिवशी जेवून लगेच पाण्यात उडी घेऊ नका.

बिल येत नाही म्हणून चिडणं

न मागता बिल आणणं तिथे पाहुण्याला हुसकावण्यासारखं मानतात. ‘ला क्वेन्ता, पोर फावोर’ म्हणा, आणि तेही निघायच्या दहा मिनिटं आधी. न मागवलेल्या ब्रेडचे पैसे लावलेले असू शकतात. ब्रेडला हात लावला नसेल तर तसं सांगा. टीप म्हणून सुटे नाणे ठेवले तरी पुरतं. हिशेबात खरोखर गडबड असेल तर आवाज चढवू नका, ‘ओखा दे रेक्लामासियोनेस’ मागा. तक्रारीचा हा छापील फॉर्म आंदालुसियातल्या, म्हणजे मालागा ज्या प्रदेशात येतं तिथल्या, प्रत्येक बारने ठेवायलाच लागतो.